विश्लेषण : बंदर परदेशी कंपनीकडे, मग नियम कोणाचे?

दुबईच्या डीपी वर्ल्डने २००६ मध्ये ब्रिटनची पी अँड ओ ही कंपनी सुमारे ६.८ अब्ज डॉलरना विकत घेतली. या एकाच व्यवहारावरून अमेरिकेत राजकीय वादळ उठले. न्हावा-शेवात मात्र टर्मिनलचा ताबा पी अँड ओकडून डीपी वर्ल्डकडे गेला आणि काम सुरू राहिले. बंदरावरील परदेशी मालकीला घाबरावे का, हा प्रश्न तेव्हापासून कायम आहे.

अमेरिकेतील वाद काय होता?

पी अँड ओ न्यूयॉर्क, बाल्टिमोर, मायामीसह सहा अमेरिकी बंदरांत काम करत होती. ते अरब कंपनीकडे गेल्यास सुरक्षेचे काय, असा सवाल झाला. अध्यक्ष जॉर्ज बुश व्यवहाराच्या बाजूने होते. तरीही प्रतिनिधीगृहाच्या समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी विरोधात कौल दिला. अखेर डीपी वर्ल्डने तेथील व्यवसाय अमेरिकेच्या एआयजी समूहाला विकला. खरे तर हे काम आधीही परदेशी कंपनीकडेच होते आणि तपासणी व सुरक्षा सरकारकडेच राहणार होती.

मग फटका कुठून बसला?

जहाज कंपन्यांकडून. जगातील कंटेनर वाहतुकीचा बहुतांश भाग १० बड्या कंपन्यांकडे आहे. त्यात एकही अमेरिकी नाही आणि भारतीयही नाही. करोनाकाळात भाडे अनेक पटींनी वाढले. रिकामे कंटेनर झटपट आशियात परत नेण्यात कंपन्यांचा फायदा होता, त्यामुळे अमेरिकी शेतमालाला जागा मिळेना. गर्दीमुळे बंदर रिकामा कंटेनर परत घेत नव्हते, तरी उशिराबद्दलचा ‘डिटेन्शन’ आकार मात्र वसूल होत होता.

अमेरिकेने काय केले?

तेथे १९६१ पासून फेडरल मेरिटाइम कमिशन हा स्वतंत्र नियामक आहे. जून २०२२ मधील कायद्याने त्याचे अधिकार वाढवले. आकारणी योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आता कंपनीवर आहे. मे २०२४ पासून मुदतीत, म्हणजे ३० दिवसांत, बिल न आल्यास ते भरण्याचे बंधन नाही. डिटेन्शनच्या एका प्रकरणात जर्मनीच्या हॅपाग-लॉयडने २०२२ मध्ये २० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. कंपनी जर्मनच राहिली, पण नियम अमेरिकेचा चालला.

परदेशी प्रभावाची भीती निराधार आहे का?

नाही. बंदरात कोणता माल कुठे चालला आहे, ही माहिती ज्याच्या हाती त्याला मोठे बळ मिळते. म्हणूनच चीनच्या ‘लॉजिंक’ या सरकारी माल-माहिती प्रणालीचा वापर करणाऱ्या बंदरांशी अमेरिकी संरक्षण खात्याने करार करण्यावर डिसेंबर २०२३ मधील कायद्याने निर्बंध आणले. अमेरिकी बंदरांतील बहुतेक मोठ्या क्रेनही चिनी बनावटीच्या आहेत. त्यांच्या सायबर सुरक्षेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतंत्र आदेश निघाला.

न्हावा-शेवाचे काय?

येथे जमीन सार्वजनिक प्राधिकरणाची आहे आणि टर्मिनल खासगी कंपन्या चालवतात. त्यात दुबईची डीपी वर्ल्ड, सिंगापूरची पीएसए, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची एपीएम आणि फ्रान्सच्या सीएमए सीजीएमची भागीदारी असलेली कंपनी आहे. बंदरांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला २०२० पासून सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे दारातून कोण आत येतो, हे आपण तपासतो.

आत आल्यानंतरचे काय, हा खरा प्रश्न. महाबंदर प्राधिकरण कायदा, २०२१ ने नव्या खासगी टर्मिनलना बाजारानुसार दर ठरवण्याची मोकळीक दिली. जहाज कंपन्यांच्या आकारणीचा हिशेब मागणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र नियामक भारतात नाही. नाशिकच्या निर्यातदाराचा द्राक्षांचा कंटेनर बंदराबाहेरील कोंडीत अडकला, तर उशीर आपल्यामुळे झाला नाही हे पटवून देण्याची धडपड त्यालाच करावी लागते. तोवर माल नासण्याची भीती असते, म्हणून पैसे भरून मोकळे होणेच त्याला परवडते.

मालक दुबईचा की देशातला, यावर त्याचे बिल ठरत नाही. त्या बिलाला जाब विचारणारा कोणी आहे का, यावर ठरते. परदेशी भांडवल बंदरांना हवे असेल, तर असा नियामकही हवा.