पेशी नेमक्या कोणाच्या? मेंदूतील गाठ आणि काचेच्या बशीचा इतिहास

१/ रुग्णाच्या मेंदूतील गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जिवंत ठेवायचा, त्यावर औषधे आजमावायची आणि जे लागू पडेल ते त्याच रुग्णाला द्यायचे. ही कल्पना आज अगदी नवी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिची मुळे शतकाहून जुनी आहेत. त्या शतकाने काही प्रश्न मागे ठेवले आहेत. त्यांची उत्तरे मिळण्यापूर्वी या तंत्राला उपचाराचा दर्जा देणे घाईचे ठरेल.

२/ १९०७ साली रॉस हॅरिसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बेडकाच्या भ्रूणातील मज्जाऊतीचा कण लसिकेच्या थेंबात ठेवला. त्यातून मज्जातंतू वाढताना त्याने पाहिले. शरीरापासून विलग झालेली ऊतीही जगते आणि वाढते, हे त्यातून दिसले.

३/ १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोहोचल्या. त्या अखंड वाढत राहिल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी मरण पावली. तिची संमती कोणी घेतली नव्हती. कुटुंबाला हे कळायला सुमारे दोन दशके लागली.

४/ त्याच प्रयोगशाळेत डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. पुढे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील अशी ती पहिली मानली जाते.

५/ मेंदूच्या गाठींची कथा अधिक बोचरी आहे. १९६०च्या दशकात स्वीडनमधील उप्साला येथे एका रुग्णाच्या गाठीपासून ‘यू-८७’ ही पेशीमालिका तयार झाली. तिच्या आधारे शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. २०१६ साली उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ ऊतीचा डीएनए तपासला. जगभर वापरात असलेली यू-८७ त्या रुग्णाच्या गाठीशी जुळत नव्हती! पेशी मेंदूच्या गाठीच्याच असाव्यात. पण कोणाच्या, हे अज्ञात राहिले.

६/ रुग्णाच्याच पेशींवर औषध तपासण्याचा मोठा प्रयत्न १९७०च्या दशकाअखेर अमेरिकेत हॅम्बर्गर आणि सॅल्मन यांनी केला. आशा प्रचंड होती. मात्र अनेक गाठी बशीत वाढतच नसत. कोणते औषध निरुपयोगी ठरेल हे ही चाचणी बऱ्यापैकी सांगे. कोणते गुणकारी ठरेल, याबाबत ती तितकी भरवशाची नव्हती. नित्याच्या उपचारात तिला स्थान मिळाले नाही.

७/ ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत तर काळच शत्रू असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने होते. टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर ते १४.६ महिने झाले. अशा रुग्णाला सहा महिन्यांनी मिळणारे उत्तर काय कामाचे?

८/ म्हणूनच २०२० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आलेले काम महत्त्वाचे आहे. तेथे गाठीच्या पेशी सुट्या न करता तिचे बारीक तुकडे द्रवात फिरते ठेवले गेले. एक-दोन आठवड्यांत त्यांचे गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, तयार झाले. निरनिराळ्या पेशींचा मूळ शेजार त्यांत बराचसा टिकतो. पुढे तेथेच सहा रुग्णांना कार-टी पेशींचा उपचार देताना त्याच पेशी त्यांच्या ऑर्गनॉइडवरही सोडल्या गेल्या. या अभ्यासात, गोळ्यांत दिसलेला परिणाम आणि रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात आढळलेल्या खुणा यांत मेळ दिसला.

९/ तरीही सहा म्हणजे सहाच. बशीतल्या गोळ्याला रक्ताभिसरण नाही. रक्त आणि मेंदू यांमधला जो अडसर अनेक औषधांना रोखतो, तोही तेथे नाही. गोळ्यात गाठ मेली म्हणून डोक्यातही मरेल, असे गृहीत धरता येत नाही.

१०/ म्हणून या तंत्राला तीन कसोट्या लावल्याच पाहिजेत. पेशी ज्याच्या, त्याची संमती आहे काय? त्या खरोखर त्याच्याच आहेत, हे पडताळले आहे काय? आणि उत्तर त्याच्या हयातीत मिळते काय? या कसोट्या उतरल्या, तरी बशीतल्या निकालावरून दिलेल्या औषधाने रुग्ण अधिक जगतो, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध होईपर्यंत हे तंत्र संशोधनाच्या चौकटीतच राहावे. हताश कुटुंबांना ते खात्रीचा इलाज म्हणून विकणे अन्यायाचे होईल.

११/ हेन्रिएटाच्या पेशींनी जगाला पुष्कळ दिले, तिला मात्र काहीच दिले नाही. ज्याच्या शरीरातून पेशी निघाली, तिच्याकडून मिळालेले ज्ञान प्रथम त्याच्याच उशाशी पोहोचावे. शतकभराच्या या विद्येवर रुग्णांचे एवढे ऋण निश्चितच आहे.