आधी एक खोली

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा मूळ नकाशा घेऊन फिरणारा गोंधळून जाईल. घरं केव्हाच बदलली आहेत.

कोरियांना तेच तर हवं होतं!

ऐंशीच्या दशकात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी त्यांनी ही वसाहत आखली, तेव्हा भूखंड होते जेमतेम ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, पण कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. म्हणजे हातात चार पैसे आले की एक खोली वाढवावी, मुलाचं लग्न ठरलं की माडी चढवावी. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का नको. बांधकामही साध्या गवंड्याला जमेल असं.

आता मूळ कौलारू घरं थोडीच उरलीत. वास्तुरसिक हळहळतात, आणि राहणारे पुढच्या स्लॅबचा हिशेब मांडतात.