उतरायचं कुठे, ते आधी विचारा

“तुम्ही जाऊन या, मी बसते इथे.” सहलीला गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांत हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि बाकीचे त्याला आईचा समजूतदारपणा म्हणून पुढे निघतात. मला ते ऐकवत नाही. क्रूझवर तर मुळीच नाही, कारण ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी क्रूझसारखी सोय नाही. खोली, जेवण, लिफ्ट सगळं एका ठिकाणी. रोज बॅगा भरायला नकोत. अडतं ते बंदरावर. तिथल्या सहली आपण प्रसिद्ध नावं पाहून निवडतो. खरं तर आधी पाहायला हवं, उतरायचं कसं आणि कुठे.

ग्रीस-तुर्कीच्या क्रूझचंच घ्या. सांतोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखातलं पाणी फार खोल, म्हणून प्रवाशांना टेंडर म्हणजे लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या बोटीत नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. बॅटरीवरची जड व्हीलचेअर टेंडरमध्ये सहसा घेत नाहीत आणि समुद्र खवळला तर साध्या व्हीलचेअरलाही ऐन सकाळी नकार मिळू शकतो. जुन्या बंदरावरून वर फिरा गावात जायला सुमारे 600 पायऱ्या, नाहीतर केबल कार, आणि तिच्यासाठी उन्हातली रांग. ‘बसने सहल’ असं वाचून निर्धास्त होऊ नये. बस बहुधा दुसऱ्या बंदरावरून वर नेते, पण सहल अनेकदा फिरात संपते आणि खाली यायला पुन्हा तीच केबल कार, तीच रांग. माझं स्पष्ट मत आहे, गुडघे दुखत असतील तर या दिवशी जहाजावरच थांबावं. कड्यावरची पांढरी गावं डेकवरून अख्खी दिसतात. फक्त घरातलं कुणीतरी सोबत थांबावं, आणि तेही आनंदाने.

अथेन्सची गोष्ट वेगळी. तिथल्या पिरेअस बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं. अक्रोपोलिसच्या टेकडीला डिसेंबर 2020 पासून नवी लिफ्ट आहे, वर काँक्रीटच्या वाटाही केल्या आहेत. पण ही लिफ्ट उत्तरेच्या बाजूला, मुख्य प्रवेशद्वारापासून लांब आहे आणि जोराचा वारा असला की बंद ठेवतात. चाळीस जणांचा घोळका घेऊन निघालेला गाइड तिकडे वळत नाही. तेव्हा वेगळी गाडी करावी किंवा सरळ 2009 मध्ये उघडलेलं अक्रोपोलिस संग्रहालय निवडावं. तिथे सर्वत्र लिफ्ट आहे, बसायला जागा आहे आणि वरच्या मजल्यावर पार्थेनॉन मंदिराची शिल्पं पाहता पाहता काचेतून समोरच्या टेकडीवर खुद्द पार्थेनॉन दिसतं. टेकडी चढून धापा टाकत घेतलेल्या दर्शनापेक्षा हे मला काकणभर सरसच वाटतं.

तुर्कीतल्या कुशादासी बंदरातून एफेससचे प्राचीन अवशेष पाहायला जाताना फसगत होते ती उताराची. बस वरच्या दारापाशी सोडते, खालच्या दारापाशी घेते आणि माहितीपत्रकात ‘चालणं उताराचं’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. गुडघ्याच्या दुखण्यात चढापेक्षा उतारच जास्त छळतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. त्यात शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झालेली संगमरवरी फरसबंदी. काठी घसरते, व्हीलचेअरची चाकं अडतात. अशा वेळी खालच्याच दाराने आत जाऊन भव्य नाट्यगृह पाहावं, जमेल तेवढंच पुढे जावं आणि परतावं. इथल्या आर्टेमिस देवीच्या सुंदर मूर्ती तर जवळच्या सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत, त्या तिथे पाहाव्यात.

खाजगी गाडीचा एक धोका मात्र आहे. जहाजाने आखलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं, आपल्या गाडीसाठी थांबत नाही. हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

आणि बुकिंग करताना ‘ज्येष्ठ नागरिक आहेत’ एवढंच सांगून भागत नाही. त्यावर एजंट ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून मोकळा होतो. आईला कठड्याला धरून किती पायऱ्या चढता येतात, आधाराशिवाय किती वेळ उभं राहता येतं, बसच्या उंच पायरीवर पाय टाकता येतो का, दर किती वेळाने स्वच्छतागृह लागतं, हे तिलाच विचारून जसंच्या तसं लेखी कळवावं. लिफ्ट असलेली बस हवी असेल तर तीही तेव्हाच मागावी, कारण अशा बस मोजक्या असतात आणि बंदरावर पोचल्यावर मिळत नाहीत.