अडकित्त्यात सापडलेली शीर

मैत्रिणींनो, लघवी लाल झाली की आपण पहिलं काय म्हणतो? "उष्णता झाली!" मग धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. दोन दिवसांत रंग निवळला की विषय मिटला. पण रक्त थांबलं म्हणजे त्याचं कारणही गेलं, असं नव्हे.

बहुधा हे कारण जंतुसंसर्ग किंवा मुतखडा असतं. कधी गाठही असते, म्हणून चाळिशीपुढच्या बायकांनी तर मुळीच अंगावर काढू नये. आणि सगळ्या तपासण्या चांगल्या येऊनही रक्त जात असेल, तर एक विरळा कारण ध्यानात ठेवावं.

डाव्या मूत्रपिंडाची शीर उजवीकडच्या मोठ्या शिरेला जाऊन मिळते. वाटेत तिच्या मागे पोटातली महाधमनी आणि पुढे आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी असते. या दोघींच्या बेचक्यात ती चेपली की अडकित्त्यातल्या सुपारीसारखी तिची गत होते. मागे रक्त तुंबतं, मूत्रपिंडातल्या बारीक शिरा फुटतात आणि लघवीतून रक्त येतं. डॉक्टर याला 'नटक्रॅकर सिंड्रोम' म्हणतात. नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडायचा अडकित्ताच! काहींची डावी कूस दुखते, ओटीपोट जड वाटतं. डॉपलर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये हे कळतं.

बारीक अंगाच्या, भराभर उंच झालेल्या मुलामुलींत हे आढळतं. वजन एकदम उतरलं तरी बेचकं अरुंद होऊ शकतं. शाळेत मी पाहते, नववी-दहावीच्या मुली 'बारीक दिसायचं' म्हणून डबा तसाच घरी नेतात. त्यांच्या आयांनी इकडे लक्ष द्यावं. वाढत्या वयात पुष्कळदा वजन भरल्यावर हा त्रास आपोआप कमी होतो. रक्त फार जात असेल किंवा दुखणं सोसवत नसेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. मात्र निदान डॉक्टरांनीच करायचं. आपण नुसते शेंगदाण्याचे लाडू खाऊ घालून वाट पाहायची नाही, बरं का!

दवाखान्यात जाताना पाळीची तारीख, रक्त कधी दिसलं, कुठली औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर तेही सांगा, कारण बीटानंही लघवी लाल होते. पाळी चालू असताना नमुना देऊ नका. द्याल तो मधल्या धारेचा द्या. ताप, रक्ताच्या गाठी किंवा लघवी अडणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि मुलींना एवढं सांगून ठेवा, की असं काही दिसलं तर लाजायचं नाही, आईला सांगायचं.