राणीच्या बागेत झाडे पाहायला कोण जातो?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला पाहुणे आले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात हटकून निघते: पोरांना राणीची बाग दाखवायची राहिलीच की! मग डब्यात चकल्या-शंकरपाळे भरले जातात, पाण्याच्या बाटल्या निघतात आणि सारे बिऱ्हाड भायखळ्याची वाट धरते. संध्याकाळी पायांचे तुकडे करून मंडळी परत आली म्हणजे पोरांना विचारावे, काय पाहिलेत रे? वाघ पाहिला, झोपला होता. पाणघोडा पाहिला, नुसत्या नाकपुड्या दिसल्या. पेंग्विन पाहिले, पण काचेपाशी माणसांची डोकीच फार होती. झाडे पाहिलीत का, असे विचारले तर मुले विचारणाराकडेच चमत्कारिक नजरेने पाहतात, आणि त्यांचे वडील समजूत घालतात, “झाडे काय, सगळीकडेच असतात.”

या ‘सगळीकडेच असतात’शी माझे भांडण आहे. फराळाच्या ताटावर भांडण नको असेल त्यांनी खुशाल पुढची कथा काढावी. मी रागावणार नाही.

पहिली गोष्ट अशी, की ही बाग मुळात झाडांची. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबईतल्या हौशी मंडळींची ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ नावाची एक संस्था होती. तिची पहिली बाग शिवडीला होती. ती भायखळ्याला आली आणि १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन होऊन तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात गेली. जनावरे आली ती त्याहूनही उशिरा, १८९० च्या सुमारास, बागेला आणखी जमीन जोडल्यावर. आज बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे आणि ते योग्यच आहे, परंतु लोकांच्या तोंडी ती राणीचीच राहिली. सांगायचे एवढेच, की या जागेत वाघ, अस्वल, पाणघोडा हे सारे भाडेकरू आहेत. घरमालक झाडे आहेत. भाडेकरूने घरमालकाला जिन्याखाली झोपवण्याचा प्रकार मुंबईला नवा नाही, हे मी जाणतो. पण निदान घरमालक कोण, हे तरी पोरांना ठाऊक असावे की नाही?

आणि घरमालकही कसे! बागेत अडीचशेहून अधिक जातींची, तीन हजारांच्या आसपास झाडे मोजली गेली आहेत. त्यांतली गोरखचिंच आफ्रिकेहून आलेली. आठ-दहा माणसांनी हात धरले तरी कवेत मावू नये असे तिच्या जातीचे बुंधे होतात, आणि त्या बुंध्यात ती दुष्काळासाठी पाण्याचा साठा करून ठेवते. फूल उमलते रात्री, आणि वटवाघळे येऊन तिची लग्ने लावतात. कैलासपतीला फुले येतात ती फांदीच्या टोकाला नव्हे, थेट खोडातून. फुलाच्या पोटात पिंडी आणि वर नागफणा. आपल्या आजी-पणजींनी हात जोडून त्याला देवाचे झाड केले. ते दक्षिण अमेरिकेतले आहे, हे सांगितले तर त्यांनी नमस्कार परत घेतला असता असे मला वाटत नाही.

अशोकाचे तर पाहूच नका. सोसायट्यांच्या फाटकांशी पहारेकऱ्यासारखे ते उंच, हिरवे, सरळसोट झाड उभे असते त्याला सारी मुंबई अशोक म्हणते. तो अशोक नव्हे. ज्याच्या खाली सीतेने लंकेतले दिवस काढले असे आपण मानतो तो सीतेचा अशोक वेगळा, पसरट, गर्द सावलीचा. वसंतात त्याच्या जुन्या फांद्या केशरी-तांबड्या गुच्छांनी लडबडून जातात. तो राणीच्या बागेत आहे. रामायण पाठ असलेली माणसे त्याच्या अंगावरून पाणघोड्याचा पत्ता विचारीत जातात!

या बागेतली खरी राणी माझ्या मते उर्वशी. मूळची ब्रह्मदेशाची. तिथल्या रानातही ती आता विरळाच सापडते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला लेडी ॲम्हर्स्टचे नाव दिले, पण आपल्याकडे ज्या कोणी तिला उर्वशी म्हटले त्याला मी शंभर गुण देतो. हातभर लांबीचे, लाल रंगाचे, पिवळ्या ठिपक्यांचे झुंबर उलटे लोंबत असावे, तसा तिचा फुलोरा. वाघ चंद्रपूरला दिसतो, सर्कशीच्या जुन्या चित्रांत दिसतो, आता तर पोरांच्या हातातल्या फोनवर दिवसातून दहा वेळा दिसतो. उर्वशी तुम्ही आणखी कुठे पाहिली आहे?

आता पेंग्विनांकडे येतो. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला आले. हा पक्षी पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा. तिथे समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो म्हणून तो तिथे राहतो. भायखळ्याला कसला प्रवाह वाहतो ते रेल्वेच्या पुलावरून जाणारे सांगतील. तेव्हा त्यांच्यासाठी काचेची खोली, गार पाणी, गार हवा, सारे यंत्राने. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आठांतला एक गेला. २०१७ च्या मार्चमध्ये लोकांना दर्शन सुरू झाले. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पहिले पिल्लू जन्मले, शहराने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले, आणि आठवड्याभरात ते पिल्लूही दगावले. पुढे त्यांची पिल्ले जगली, वाढली, हे मी नाकारीत नाही. त्यांची निगा राखणारे डॉक्टर आणि सेवक मनापासून राबतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न हा आहे, की हे सारे कशासाठी?

याचे उत्तर ठरलेले आहे: गर्दी वाढली, उत्पन्न वाढले, लोकांनाच हवे आहे. गर्दी वाढली हे खरेच आहे. पण गर्दी हाच पुरावा धरायचा तर जत्रेत पाच पायांचा नंदीबैल घेऊन फिरणाराही मोठा प्राणिशास्त्रज्ञ ठरेल. लोकांना काय हवे हे बऱ्याच अंशी त्यांना काय दाखवले जाते यावर ठरते. पेंग्विन येणार म्हणून वर्षभर वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. उर्वशीला बहर आला, ही बातमी तुम्ही पहिल्या पानावर कधी वाचली?

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. मुलांना प्राण्यांविषयी प्रेम कशाने वाटणार, जर त्यांनी प्राणी पाहिलेच नाहीत? मी विचारतो, ते पाहतात काय? पिंजऱ्यातला वाघ ठरावीक चार पावले पुढे, चार पावले मागे, असा चालत असतो. आपण म्हणतो, बघ कसा ऐटीत चालतोय. ती ऐट नव्हे. ऑक्सफर्डच्या दोघा संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले, की रानात जे मांसाहारी प्राणी दूरदूर भटकतात, तेच बंदिवासात सर्वांत जास्त येरझारा घालतात आणि त्यांचीच पिल्ले अधिक मरतात. मुलाला आपण एका आजाऱ्याला दाखवून सांगतो, की हा राजा! आणि बाप स्वतः जाळीतून शेंगा फेकीत असतो. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचणे किंवा खायला घालणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमाखाली गुन्हा आहे, हे फाटकावरच्या पाटीवर असो वा नसो, चकलीचा डबा उघडण्यापूर्वी आठवावे.

मी सगळी प्राणिसंग्रहालये बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. दार्जिलिंगला १९५८ साली एक प्राणिसंग्रहालय निघाले. हिमालयाच्या थंडीत हिमालयाचेच प्राणी: हिमबिबट्या, तांबडा पांडा. तिथे तांबड्या पांडाची पैदास झाली आणि २००३ साली त्यांतले काही शेजारच्या सिंगालिलाच्या रानात सोडण्यात आले. असे असेल तर पिंजऱ्याला मी नमस्कार करीन. जे जनावर आपल्या मुलखात संपत चालले आहे त्याला वाढवून परत रानात धाडणे, हे एक काम. सेऊलहून पेंग्विन आणून भायखळ्याला बर्फ पुरवणे, हे दुसरे काम. दोहोंना ‘प्राणिसंग्रहालय’ हा एकच शब्द आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

बरे, बागेतले प्राणी काय पिंजऱ्यातच आहेत? वडा-पिंपळावर तांबट पक्षी भर दुपारी टुक् टुक् ठोके देत असतो, खारी धावतात, पोपटांची भांडणे चालतात. उंबर फोडले की केंबरे उडतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. आपण नाक मुरडून उंबर फेकतो. त्या केंबरांवाचून उंबराचा वंश चालत नाही आणि उंबरावाचून केंबरांचा. उंबराच्या जातीच्या बहुतेक झाडांची आपापली माशी ठरलेली, लाखो वर्षांची सोयरीक! मादी फळात शिरते, अंडी घालते आणि बहुधा तिथेच मरते. एवढे नाटक तळहातावर फोडून दाखवता येते, त्याला तिकीट नाही आणि काच नाही.

तिकिटावरून आठवले. २०१७ च्या ऑगस्टपूर्वी मोठ्या माणसाला पाच रुपये पडत, ते एकदम पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. म्हणजे कुटुंब कसे असावे हेही बागेनेच ठरवले. गावची मावशी आणि तिची दोन पोरे आली की हिशेब मोडलाच. वाचकांतल्या पुष्कळांना शंभराच्या नोटेचे काही वाटणार नाही. पण ही बाग कुणाच्या अंगणात आहे? लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा. मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात जण, आणि रविवारी आम्हां साऱ्यांना पाय पसरायला जागा होती ती ही बाग. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, मनोऱ्यांत बागा झाल्या आणि त्या बागांच्या दाराशी रखवालदार बसले. चाळीत उरलेल्या पोराला फुकट म्हणता येईल अशी सावली किती उरली, ते एकदा मोजावे.

आणि ही सावलीही एकदा जाता जाता राहिली आहे. २००७ च्या सुमारास बागेच्या ‘कायापालटा’ची योजना निघाली, चारशे कोटींच्या वरची. तेव्हा काही नागरिक, त्यांत बायकाच पुढे, वही-पेन्सिल घेऊन बागेत हिंडल्या, झाडांची नोंद केली, समित्यांपुढे नकाशे उलगडून भांडल्या. वारसा समितीने योजना परतवली, तिला कात्री लागली. नाही तर आज मी कैलासपतीविषयी भूतकाळात लिहीत बसलो असतो. त्या वेळी झाडे वाचवायला हजारोंचा जमाव आला नाही, कारण हजारो आले होते ते वाघ पाहून घरी गेले होते.

माझे मागणे फार नाही. परमुलखातले आणखी एकही जनावर आणू नये. आहेत त्यांना सुखाने म्हातारे होऊ द्यावे. पिंजरा रिकामा झाला की ती जागा झाडाला परत द्यावी. प्रत्येक झाडावर मराठीत, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, नाव आणि गाव लिहावे. सुट्टीच्या दिवशी झाडांची ओळख करून देणारा एक जाणता माणूस पगार देऊन नेमावा, आणि झाडे पाहायला येणाराला पुन्हा पाच रुपयांत आत सोडावे. काचेतले पक्षी पाहायचे त्याने त्याचे वेगळे पैसे भरावेत. ही काही स्वप्ने नव्हेत. माहीमच्या खाडीकाठी, धारावीला लागून, शहराचा कचरा टाकायची जागा होती. तिथे सदतीस एकरांवर रान लावून १९९४ साली निसर्ग उद्यान उघडले. पिंजरा एकही नाही. पायवाटेने शाळेची मुले हिंडतात, फुलपाखरे पाहतात, पक्ष्यांची नावे लिहून घेतात. उकिरड्यावर जे जमले ते दीडशे वर्षांच्या तयार बागेत का जमू नये, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

तोवर या सुट्टीत तुम्ही जालच, तर आत शिरताच वाघाची पाटी शोधू नका. संग्रहालयाच्या बाजूला वळा. तिथे घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलेफंटा म्हटले. १८६४ साली साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता, उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते सांधून त्याला उभा केला. साऱ्या बागेत येरझारा न घालणारे एवढे एकच मोठे जनावर मला दिसले. मुलांना त्याच्यापाशी उभे करून फोटो काढा, आणि मग माळ्याला विचारा, उर्वशी कुठे आहे. आत्ता ती फुललेली नसेल. ती फुलते थंडी सरता सरता. तेव्हा पुन्हा यावे लागेल. बुधवारी मात्र जाऊ नका, बाग बंद असते.