तोडगा गावाचा, शिक्का कोर्टाचा



ऊसनोंदीला आम्ही शेतावर येतो तेव्हा लागणीची तारीख विचारतो, उसाची जात विचारतो. अलीकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, "वाटेचं काही भांडण नाही ना?" तोड आली, टोळी उतरली, आणि भाऊबंदाने कोर्टाचा मनाई हुकूम पुढे केला की ट्रॅक्टर बांधावरून परत फिरतो. ऊस मात्र कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. त्याला तुरा येतो, दशी पडते, वजन घटते. पुढे दावा कोणीही जिंको, त्या हंगामाचे नुकसान भरून निघत नाही.

"गावात बसून मिटवा" असे आम्हीही सांगत होतो. आमच्या गटातील दोन चुलत भावांचा वाद पंचांनी देवळात बसून मिटविला. नारळ फुटला, चहा झाला. पुढच्याच हंगामात थोरला म्हणाला, "मी कुठं सही केलीया?" पंच गप्प बसले आणि ऊस पुन्हा फडातच राहिला.

तेव्हापासून आमचे मत असे की, तोडगा गावाने काढावा, पण त्यावर शिक्का कोर्टाचा हवा. त्यासाठी लोकअदालत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला बळ दिले. हा कायदा १९९५ पासून अंमलात आला. दावा चालू असला तरी तेथे जाता येते. दावा दाखल होण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तेथे निवाडा कोणी लादत नाही. जमले नाही तर चालू दावा पुन्हा कोर्टात जातो. जमले तर त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते.

कोणी म्हणेल, मग कोर्ट मध्ये आणायचेच कशाला? बंधूंनो, येथे कोर्ट तुमचा निर्णय करीत नाही. तुम्ही केलेला निर्णय मोडू देत नाही, एवढेच.

मात्र एक सावधगिरी हवी. या निवाड्यावर अपील नाही. अगदी मोजक्या कारणांसाठीच हायकोर्टात रिट करता येते, असे सुप्रीम कोर्टाने २००८ साली सांगितले आहे. म्हणून सही-अंगठ्यापूर्वी कागद वाचून घ्या. गट नंबर, वाटेची रुंदी फुटांत, पाण्याच्या पाळीचा वार आणि तास, मोजणीचा नकाशा, सारे त्यात असू द्या. सातबारावर नाव असलेल्या बहिणींनाही बोलवा. त्यांना वगळून केलेली तडजोड उद्या नवे भांडण उभे करील.

त्या दोघा भावांनी अखेर लोकअदालतीत सह्या केल्या. आता त्या वाटेने दोघांचाही ऊस गव्हाणीत पडतो.

आपलेही असे काही असेल तर नोंदीच्या वेळीच गट ऑफिसला सांगा. तोडीच्या दिवशी सांगितले तर आमच्या हाती काही उरत नाही.