नजर कोणावर?

गुना, शिवपुरी, विदिशा, बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पाच वनविभागांतील जंगलावर यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची नजर राहील, असे मध्य प्रदेश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या उपग्रहप्रतिमा यंत्र ताडून पाहील. कुठे झाडे गेलेली, जमीन नांगरलेली किंवा बांधकाम उभे राहिलेले दिसले की इशारा थेट त्या बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर जाईल. त्याने जागेवर जाऊन छायाचित्र आणि टिपण पाठवायचे, त्यावरून यंत्र पुढच्या वेळी अधिक अचूक होईल. व्यवस्था चांगली आहे आणि एका जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्याने ती पुढाकार घेऊन उभी केली याचे कौतुकही व्हायला हवे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वन आणि वृक्षाच्छादन सर्वाधिक घटलेले राज्य मध्य प्रदेशच आहे. घट सहाशे चौरस किलोमीटरहून अधिक. तेव्हा त्या सरकारला काही तरी करणे भाग होते. आमचा आक्षेप यंत्राला नाही. हे यंत्र कोणाला पकडणार आणि कोणाला पाहूनही गप्प राहणार, हे कोणी सांगत नाही, याला आहे.

गप्प राहणे म्हणजे काय ते हैदराबादने २०२५ मध्ये दाखवले. हैदराबाद विद्यापीठालगतची कांचा गच्चीबावलीची चारशे एकर जमीन मोकळी करण्यासाठी मार्चअखेरच्या सुट्ट्या साधून डझनावारी बुलडोझर घुसवण्यात आले. रात्री दिवे लावून काम चालले. उपग्रह तेव्हाही डोक्यावरून जात होते, प्रतिमाही निघत होत्या. पण कोणत्याही वनरक्षकाच्या मोबाइलवर त्यामुळे काही वाजले नाही, कारण तोडणारे सरकारच होते. आडवे आले ते विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि लाठ्या त्यांनी खाल्ल्या. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले तोवर शंभर एकर भुईसपाट झाले होते. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल मग न्यायालयासमोर आला. तोडलेल्या १०४ एकरांपैकी साठ टक्क्यांहून अधिक क्षेत्र मध्यम ते अतिघनदाट जंगल होते, असे तो सांगतो. उपग्रहाला हे आधीपासून दिसत होते. सांगायची वेळ मात्र झाडे पडल्यावर आली. आणि या काळात तेलंगण सरकारला कृत्रिम बुद्धिमत्ता आठवली ती कशासाठी? समाजमाध्यमांवरची हरणा-मोरांची चित्रे यंत्राने बनवलेली आहेत, त्याची चौकशी करा, यासाठी. काही चित्रे खरोखरच बनावट होती. शंभर एकरांवरचा नांगर बनावट नव्हता. ही जमीन सरकारी कागदोपत्री जंगल नाही, हा त्या सरकारचा युक्तिवाद तर अधिकच संतापजनक. कागदावर काहीही लिहिलेले असो, जे जंगल आहे ते जंगलच, हे याच न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सांगितले आहे. त्याला तीन दशके होत आली.

आपल्याकडे तर तेवढी लपवाछपवीही लागत नाही. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजावर प्रक्रिया करण्याच्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन देण्याची शिफारस केंद्राच्या वन सल्लागार समितीने मे २०२५ मध्ये केली. लाखाहून अधिक झाडे जाणार आहेत आणि हे सारे रीतसर आहे, कागद पुरे आहेत. उद्या महाराष्ट्राने मध्य प्रदेशासारखीच यंत्रणा आणली तर या ९३७ हेक्टरांचा इशारा कोणाला जाणार? जाणारच नाही. परवानगी असलेली तोड यंत्राच्या लेखी गुन्हा ठरत नाही आणि म्हणून ती कोणाच्या मोबाइलवर वाजत नाही. त्याच तालुक्यात कोणी अर्धा एकर साफ करून धान पेरले तर मात्र यंत्र दोन-तीन दिवसांत वनरक्षकाला धाडील. जंगलाला दोन्हींत फरक कळत नाही. उलट, ९३७ हेक्टरांचा घाव कितीतरी खोल आहे. विकासाला जमीन लागते, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ते दर वेळी देऊन झाले आहे आणि दर वेळी जमीन जंगलाचीच लागली आहे.

मुळात जंगल म्हणून काय मोजले जाते, हे तपासले तर काळजी आणखी वाढते. एक हेक्टरहून मोठा तुकडा आणि त्यावर दहा टक्के झाडांची सावली असली की वन सर्वेक्षणाच्या हिशेबात ते वनाच्छादन. मालकी कोणाचीही, झाड कोणतेही. हापूसची बाग, काजूची लागवड, रबराचे मळे सारे त्यात येतात. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात वृक्षतोडीला उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बंदी घातली, तरी तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. तिथले नैसर्गिक जंगल कापून रबर लावले की काही वर्षांत वरून पुन्हा हिरवेच दिसते. हत्ती तिथे थांबत नाही, झरे आटतात, पण टक्केवारी शाबूत राहते. मग डिसेंबर २०२४ मध्ये देहरादूनला अहवाल प्रसिद्ध होतो, देशाचा २५.१७ टक्के भूभाग वने आणि वृक्षांखाली आहे, दोन वर्षांत १,४४५ चौरस किलोमीटर वाढ झाली, असे मंत्री सांगतात. त्या वाढीतले वनाच्छादन अवघे १५६ चौरस किलोमीटर आहे आणि बाकीची १,२८९ वनाबाहेरच्या झाडांची, हे मथळ्यांत येत नाही. अशा व्याख्येवर यंत्र शिकवले तर ते कितीही हुशार असले तरी शिकवणाऱ्याचीच चूक अधिक वेगाने करील.

आणि पकडले कोण जाणार? बुऱ्हाणपूरचेच पाहा, नव्या योजनेतल्या पाच विभागांतला तो एक. २०२२-२३ मध्ये तिथे हजारो एकर जंगल साफ होत होते तेव्हा ते थांबवा म्हणून आदिवासींनीच धरणे धरले, वनखात्याच्या संगनमताचे आरोप केले. त्यांना उपग्रह लागला नव्हता, तोडलेली झाडे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बक्षीस म्हणून त्यांच्या कार्यकर्त्यांवर जिल्हाबंदीची कारवाई झाली. माहिती नव्हती म्हणून ते जंगल गेले, असे मध्य प्रदेश सरकारला म्हणता येणार नाही. माहिती होती, तक्रारी होत्या, नावे होती. नव्हती ती कारवाई, आणि ती कोणतेही यंत्र करीत नाही.

वनहक्कांच्या दाव्यांत तर उपग्रह याआधीही गरिबाच्या विरोधात साक्षीला उभा केला गेला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट हवी, प्रतिमेत शेत दिसत नाही, दावा फेटाळला, असा कारभार अनेक ठिकाणी झाला. डोंगरउतारावरची विरळ नाचणी-वरईची शेते तेव्हाच्या प्रतिमांत रानासारखीच दिसत. म्हणून तर २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले, की उपग्रहप्रतिमा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ती घेऊ शकत नाही. वयोवृद्धांचा जबाब, बांध, विहीर, समाधी यांनाही तेवढेच मोल आहे. नव्या यंत्रणेच्या घोषणेत या नियमाचा उल्लेख आम्हाला दिसला नाही. इशारा येताच अतिक्रमण म्हणून पीक मोडायचे आणि मग दावा प्रलंबित होता हे कळायचे, असे होणार असेल तर या यंत्राला संरक्षण कसे म्हणायचे?

जंगल राखायचे कसे, हे चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने दाखवून दिले आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले. पालवी चांगली फुटावी म्हणून वणवे लावले जातात, फांद्या छाटल्या जातात, हे त्यांना ठाऊक होते. हातातले उत्पन्न सोडून ते बांबूवर उभे राहिले आणि जंगलाची राखण स्वतः करू लागले. उपग्रह वणवा पेटल्यावर सांगतो. पाचगावने वणव्याचे कारणच काढून टाकले. त्या गावाच्या हाती उपग्रहाची प्रतिमा दिली तर तिचे सोने होईल. आज ती वनखात्याच्या कार्यालयात राहते आणि गावापर्यंत पोहोचते ती नोटीस होऊन.

वणव्यांचे इशारे मिळवण्यासाठी वन सर्वेक्षणाकडे आज कोणताही नागरिक नाव नोंदवू शकतो. आग दिसली की संदेश येतो. त्याने देशाची सुरक्षा धोक्यात आली नाही की खात्याचे काम अडले नाही. मग तोडीचा इशारा गुप्त कशासाठी? तो त्याच क्षणी ग्रामसभेला आणि मागेल त्या नागरिकाला गेला पाहिजे. तोडणारा शेतकरी असो, ठेकेदार असो की सरकारचे महामंडळ. परवानगीने होणारी तोडही त्यात दिसली पाहिजे आणि इशाऱ्यावर किती दिवसांत काय केले हे खात्याने लेखी सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशाने सुरुवात बुऱ्हाणपूरपासून करावी. महाराष्ट्राने यंत्रणेची वाट पाहू नये. सुरजागडच्या त्या ९३७ हेक्टरांची प्रतिमा, किती झाडे तुटली आणि बदल्यात लावलेली किती जगली या हिशेबासह, दर महिन्याला एटापल्लीच्या ग्रामसभांपुढे ठेवावी.